सासूबाईंना विमान सोसेना

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी सासूबाईंनी जाहीर केलं की आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकडी आहे. मधोमध वाकलीय म्हणे, लाट आल्यासारखी. ही चौकट मी स्वतः बसवलेली. मी विमानं दुरुस्त करणारा माणूस, माझ्या हातची चौकट केसभर कलली तर मला अन्न गोड लागत नाही. तडक हँगरमध्ये जाऊन लेव्हल आणली. वर लावली, खाली लावली, दोन्ही अंगांना लावली. बुडबुडा दर वेळी बरोब्बर मध्ये. त्यांना नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, बुडबुडाही वाकडाच दिसतोय.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी पुटपुटलो, तर तेवढं मात्र त्यांनी स्वच्छ ऐकलं. आमच्याकडे राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना होतोय. ही खुशाल हसत होती. आईची लेक शेवटी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चौकट सरळच आहे. वाकडं आहे ते सासूबाईंच्या डोळ्यात.

ही नर्स असल्यामुळे तिला चौकटीच्या भांडणातून वेगळीच शंका आली. इथल्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून तपासलं. उजव्या डोळ्याचा मधला भाग कधीच गेलाय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं! का, तर एकाने भागत होतं. आता डावाही त्याच वाटेने निघालाय. शहरातल्या मोठ्या इस्पितळात दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं. वेळच्या वेळी घेतलं तर आहे ती नजर टिकेल. एकदा गेली की परत येत नाही.

रस्त्याने जायचं तर दिवसभर नुसता वळणांचा घाट, आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तासभर बसलं की कळ निघते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं विमान आहे सहा सीटचं, एका इंजिनाचं, दर मंगळवारी पार्सलं घेऊन शहराला जातं. घरचं विमान असताना काळजी कसली, असं मी म्हणालो. छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

४ मार्च, मंगळवार

फुगलेल्या छातीतली सगळी हवा गेली.

मी नेहमीसारखा पुढे, मौनीबाबाच्या शेजारी. मौनीबाबा म्हणजे आमचा वैमानिक. टॉवरवाल्यांशी जेवढं बोलणं भाग आहे तेवढंच बोलतो, उरलेले शब्द कशासाठी राखून ठेवतो ते त्यालाच ठाऊक. सासूबाई मागे, पार्सलांच्या पुढच्या सीटवर. निघालो तेव्हा ठीक होतं. डोंगराची धार ओलांडली की पलीकडे वारा खाली कोसळतो आणि विमान एक गोता खातं. धार दिसली तसे आम्ही दोघांनी पाय रोवले. मागून अशी किंकाळी आली की मौनीबाबासुद्धा "अगं आई" म्हणाला.

त्यानंतर त्यांनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली ती उतरेपर्यंत सोडली नाही. उलटीची पिशवी भरली, दुसरी दिली, तीही भरली. इस्पितळात मात्र डोळ्यात सुई घुसवून घेताना हूं की चूं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा पेशंट बघितला नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच रामायण.

उतरल्यावर हँगरमधल्या बाकावर बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, सुई परवडली. तुमचं विमान नको. काही सांगून का येतं त्यात? बसल्या जागी कुणी पाठीमागून ढकलावं तसं."

धक्के काय पत्र पाठवून येणार? पण म्हातारीशी काय वाद घालायचा, पाणी आणून दिलं.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. इतकी वर्षं हे विमान मी मुलासारखं सांभाळलं. कुणाची तक्रार नाही. हिला हे ऐकवलं तर म्हणते, इतकी वर्षं तुम्ही खोकी नेताय, खोकी कशाला तक्रार करतील?

मौनीबाबाला विचारलं, एवढं हलायचं कारण काय. तो म्हणाला, "वारा." याला पगार देतो मी.

पण मी काही असातसा सोडणार नाही. विचार केला. विमान लहान आणि हलकं, म्हणून वाऱ्याच्या हाती सापडतं. शिवाय खडबडीत हवेत त्याची शेपटी डावी-उजवीकडे डुलते आणि मागे बसणाऱ्याच्या पोटात ढवळतं. यावर उपाय आहेत. शेपटीखाली एक उभा पर, माशाला असतो तसा पत्र्याचा, बसवायचा म्हणजे डुलणं कमी होईल. सासूबाईंची सीट पुढे आणून पंखांच्या रेषेत ठेवायची, तिथे हादरा सर्वांत कमी. आणि वजन वाढवायला त्यांच्या शेजारच्या सीटवर वाळूची गोणी पट्ट्याने आवळून ठेवायची. भरलेली गाडी कमी उडते, तसंच हे. धक्के मोजायचं एक यंत्रही मागवतोय, कागदावर रेघ काढतं. सासूबाईंच्या तोंडापेक्षा मला त्या रेघेवर जास्त भरवसा आहे.

१५ मार्च, शनिवार

सीट पुढे सरकली. जुनी गादी काढून जाड फोमची घालणार होतो. तपासनीस साहेबांना फोन केला. विमानात खिळा जरी वाढवायचा तरी या गृहस्थांचा होकार लागतो. म्हणाले, फोम आगीत कसा जळतो त्याची चाचणी दाखवा. म्हटलं, ही घ्या चाचणी, आणि परसात एक तुकडा पेटवला. फोम जळला नाही, वितळला, आणि असा काळा धूर झाला की शेजारीण वाळत घातलेले कपडे उचलून शिव्या देत आत गेली.

सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. "काय जळतंय?" म्हणाल्या. तुमची गादी, म्हटलं. फोमचा नाद सोडला.

२३ मार्च, रविवार

शेपटी उघडली. पत्रा कापला, पर तयार आहे, देखणा झालाय. पण बसवण्याआधी आतली चौकट तपासनीसांना दाखवावी लागते, आणि त्यांना म्हणे इतक्यात वेळ नाही. विमान जॅकवर. पार्सलं दुसऱ्याच्या विमानाने जातायत. तो आमच्या धावपट्टीवर उतरतो, माझ्याकडे बघून हात हलवतो. त्याच्या विमानात खोक्यांशिवाय काही नेता येत नाही, सीटच नाहीत.

हिने विचारलं, एक तारखेचं इंजेक्शन आहे, तोवर होईल ना? होईल म्हटलं.

३० मार्च, रविवार

घरात मोठं भांडण झालं.

तपासनीस साहेबांची तारीख पुढे गेली. ही म्हणाली, मग जुना पत्रा परत ठोका आणि एक तारखेला घेऊन जा. म्हटलं, विमान म्हणजे चपलेचा अंगठा नव्हे, तोडला आणि शिवला. खरं सांगायचं तर नेटाने बसलो असतो तर दोन दिवसांत शेपटी पूर्ववत करता आली असती. पण मग एवढा सगळा खटाटोप पाण्यात. आणि पुन्हा तशाच विमानातून न्यायचं, पुन्हा तीच किंकाळी ऐकायची.

सासूबाई बाहेर आल्या. हिला म्हणाल्या, तू मध्ये पडू नकोस. मग मला म्हणाल्या, "जसं होतं तसं करा, मी येते. तीन बाळंतपणं काढलीयत मी, हेही काढीन."

मला हे फार लागलं. माझं विमान काय बाळंतपणाच्या कळा आहे? मी म्हणालो, आई, तुम्हाला त्रास होणार नाही असंच विमान तुमच्यापुढे उभं करीन, नाहीतर नाव लावणार नाही. एका महिन्याने काय आभाळ कोसळतंय.

त्या आत गेल्या. ही माझ्याशी बोलत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

तपासनीसांचा पत्ता नाही. ही कामापुरतं बोलते. सासूबाईही रुसल्यात बहुधा. रोज सकाळी पेपर घेऊन बसायच्या, मोठ्याने बातम्या वाचून दाखवायच्या, माझं डोकं उठायचं. आता पेपर घडीसकट पडून असतो. चहा ओततानाही रागाने ओततात, निम्मा बशीबाहेर. मी फडक्याने पुसून घेतो. म्हाताऱ्या माणसाचा राग असाच निघायचा.

काल मी हँगरमधून आलो तर दारात मला म्हणाल्या, "कोण आहे?" म्हणजे आता ओळखही दाखवायची नाही असं ठरलंय.

२२ एप्रिल, मंगळवार

तपासनीस साहेब आले एकदाचे. अंगाने भरभक्कम, बोलण्यात तोलूनमापून. शेपटीच्या आत डोकं घालून पाहिलं, पर पाहिला, "काम चांगलं आहे" म्हणाले. मला वाटलं सुटलो. मग म्हणाले, प्रवाशाला आराम वाटतो असं तुम्ही अर्जात लिहिलंय, त्याला आधार काय? मी म्हणालो, अजून उडालंच नाही तर आधार कुठून आणू. ते म्हणाले, पर बसवा, नुसत्या गोण्या घेऊन उडवून बघू, मग प्रवासी घेऊन एकदा मी स्वतः येतो.

नमनालाच घडाभर तेल जळतंय. पण मार्ग दिसतोय.

हे मी जेवताना उत्साहाने सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, मंगळवारी जाणार का मग? या नाही, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या, म्हटलं. "बरं," म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला चाचपडत शोधला. पेला समोरच होता.

हिच्या डोळ्यात पाणी आलं. का, ते सांगितलं नाही.

६ मे, मंगळवार

आज जे झालं ते मला उलगडलेलं नाही. सगळं नीट लिहून ठेवतो.

गोण्यांची चाचणी आधीच पार पडली होती. आज निघायच्या आधीच घोळ. तपासनीस साहेबांना पुढची सीट हवी, म्हणजे माझी. ते एकटे दोन गोण्यांच्या वजनाचे. हिशेब मांडला तर सासूबाईंच्या शेजारची गोणी उतरवावी लागत होती. उतरवली, आणि तिच्या जागी मी बसलो. धक्क्यांचं यंत्र मांडीवर घेणार होतो तर साहेब म्हणाले, खाली स्क्रूने बसवा, मांडी काय प्रमाण मानायची. तेही केलं. आता रेघ कशी निघते ते बघायला मान मोडून खाली वाकावं लागत होतं.

विमान उठलं. मागे बसायची मला सवय नाही. समोर साहेबांची पाठ, गेज एक दिसत नाही. सासूबाईंनी विचारलं, कुठे आलो? म्हटलं, गावाबाहेर, खाणीवर. मग? मग आता चढतोय. मग? आवाजात ओरडून बोलावं लागत होतं, वैताग आला. पण त्या थांबेनात. म्हटलं, समोर एक ढग आहे, मौनीबाबा त्याच्यातूनच नेणार असं दिसतंय, एकदोन गचके बसतील. बसले. त्या म्हणाल्या, "बसले. पुढे?"

पुढे डोंगराची धार. साहेबांच्या खांद्यावरून मला ती दिसली. म्हटलं, आई, आता मोठा गोता आहे, पोट वर येईल, मनात पाच म्हणा की संपेल. आजचा गोता असा होता की माझंच डोकं छताला लागलं. सासूबाई मोठ्याने मोजत होत्या. पाचाला विमान सावरलं. त्या म्हणाल्या, "पाचच हो." आणि साहेबांनी घाईघाईने पिशवी मागितली.

उरलेल्या वाटेत मी बडबडत होतो आणि साहेब ओकत होते. मौनीबाबाने त्यांना पिशव्या पुरवल्या, तोंडातून अक्षर नाही. सासूबाई ताज्यातवान्या उतरल्या. साहेबांना म्हणाल्या, "विमान छान केलंय हो यांनी." साहेबांनी मान डोलावली, बोलायच्या अवस्थेत नव्हते.

मग इस्पितळ. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं. मधला महिना कुठे होतात, असं विचारलं. मी शेपटी, पर, तपासनीस असं काही सांगायला लागलो. त्या मला थांबवून म्हणाल्या, "तो महिना चुकला नसता, तर मधली नजर राहिली असती. आता कडेची सांभाळू."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, इंजेक्शन आहे ना आज? आहे म्हणाल्यावर मान मागे टेकली.

परतताना साहेब आले नाहीत, ते बसने गेले. मला पुढे जाऊन बसता आलं असतं. पण गोण्या इकडे आमच्या हँगरमध्ये राहिल्या होत्या, तोल साधायला मी मागेच बसलो. संध्याकाळची हवा, एवढी शांत की चहाचा कप सांडला नसता. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. डोळे मिटून बसलो होतो. धारेवर एक बारीकसा हेलकावा बसला आणि शेजारी सासूबाईंना उलटी झाली. पुढची सीट घट्ट धरून बसल्या त्या थेट उतरेपर्यंत.

७ मे, बुधवार

यंत्राच्या रेघा टेबलावर मांडल्यात. जातानाची रेघ म्हणजे करवतीचे दात. मार्चमधल्या वाऱ्यालाही लाजवेल. येतानाची जवळजवळ सरळ. करवतीत त्या हसत होत्या, आणि सरळ रेघेत ओकल्या. तीच सीट, तीच शेपटी, तोच पर, शेजारी तेच वजन, म्हणजे मी. काय बदललं? इंजेक्शनामुळे मळमळलं म्हणावं तर मार्चमध्ये जातानाही मळमळलंच होतं, तेव्हा कुठे सुई टोचली होती?

म्हणजे पराचा उपयोग झाला की नाही, हेसुद्धा कळत नाही. ज्या परापायी तो महिना गेला, त्याचा उपयोग झाला की नाही हे मला कळत नाही! डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय. हिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. आईच्या डोळ्यात थेंब घालायला उठून गेली.

११ मे, रविवार

तपासनीसांचा होकार आला. पराने विमानाला अपाय होत नाही. आरामाबद्दल त्यांनी लिहिलंय की वयस्कर प्रवाशाला आराम वाटला. स्वतःबद्दल काही लिहिलं नाही. कागद हातात घेऊन बसलो. याच्यासाठी किती धडपडलो, आणि आता तो कुठे ठेवावा तेही सुचेना.

सासूबाई अंगणात होत्या. शेवटी न राहवून रेघा घेऊन गेलो आणि त्यांनाच विचारलं. म्हटलं, आई, जाताना एवढे धक्के, येताना काही नाही, मग हे असं का? त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, पण नजर माझ्या कानाकडे. हल्ली कडेनेच बघतात. म्हणाल्या, "जाताना तुम्ही सांगत होतात."

काय सांगत होतो?

"पुढे काय येतंय ते. तुम्हाला दोघांना पुढचं दिसतं, तुम्ही पाय रोवता. मला कसं कळणार?"

मी तिथेच बसलो. मार्चमध्येही तसंच होतं का, विचारलं. मार्चमध्येही तसंच होतं म्हणाल्या. मग बोलला का नाहीत तेव्हा? त्या म्हणाल्या, बोलले की, सांगून येत नाही म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही गोणी आणलीत.

१२ मे, सोमवार

आज हँगरमध्ये गेलो आणि काही केलं नाही. मौनीबाबाने चहा आणून दिला. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मी तरी कुठे कधी काही सांगतो मागच्यांना. एवढं लांब वाक्य त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. मग दोघांनी चहा संपवला.

२७ मे, मंगळवार

पार्सलांच्या फेरीला आज मी मागे बसलो, मुद्दाम. पुढच्या मंगळवारी सासूबाईंना न्यायचंय, त्या विचारणार. तर खाली बघायला सुरुवात केली. शरमेची गोष्ट आहे, या वाटेने इतक्यांदा उडालो आणि खाली काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी कायम गेज बघणारा. धारेपलीकडे एक तळं आहे, भोवती कुंपण. नदी दोनदा नव्हे, तीनदा वळते. एका शेतात कुणीतरी जुनी बस आणून ठेवलीय, तिच्या टपावर वेल चढलाय. मौनीबाबा मागे वळून म्हणाला, "गोता." म्हटलं, शाब्बास.

३ जून, मंगळवार

सासूबाई आणि मी मागे. हवा वाईट होती. मी खाणीपासून सुरुवात केली. ढग, मग धार, मग पाचपर्यंत मोजणं, मग तळं. तळ्याचा रंग कसा आहे विचारलं. सांगितला. बस सांगितली, वेल सांगितला, त्यांना फार आवडलं, बसमध्ये कोण राहतं म्हणाल्या. कोंबड्या असतील, म्हटलं. मध्ये मध्ये गचके बसत होते, आधी सांगत होतो, त्या मान हलवत होत्या.

मग सपाट प्रदेश लागला आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही. नुसती शेतं. इंजिनाचा आवाज एवढा की पुढे मौनीबाबाला काही ऐकू जाणार नव्हतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "आई, तो महिना माझ्या हट्टापायी गेला. शेपटी दोन दिवसांत बसवता आली असती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघून तरी काय दिसलं असतं. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ते ठाऊक आहे मला. आता खाली काय आहे ते सांगा."

खाली नदी होती. मी नदी सांगायला लागलो.